रात्रीच्या गस्तीचा पगार

परीक्षा आटोपल्या की एक वाद दरवर्षी ठरल्यासारखा उफाळतो. कोणाची तरी मुलगी किंवा मुलगा आठवड्याला काहीशे डॉलर भरून ‘कासवं वाचवायला’ कोस्टा रिकाला जातो. फोटो येतात: तळहातावर काळसर पिल्लू, मागे मावळतीचा समुद्र. मग एक गट तुटून पडतो. पदरचे पैसे मोजून मजुरी करायला सातासमुद्रापार कशाला जायचं, आपल्या कोकणातलं कासवांचं वेळास काय ओस पडलंय? ही नुसती श्रीमंतांची हौस, परदेशी विद्यापीठाच्या अर्जात एक ओळ वाढवायची सोय. दुसरा गट बाह्या सरसावतो: निदान ती काहीतरी करतेय, तुम्ही घरात बसून काय केलंत? वादाला इतका जोर चढतो की ज्या किनाऱ्याबद्दल तो चाललाय तिथे रात्री नक्की काय घडतं, पैसे कोणाच्या हातात जातात आणि कासवांची संख्या कशामुळे वाढते किंवा घटते, हे विचारायला कोणाला सवडच राहत नाही.

दोन्ही बाजू स्वयंसेवकाच्या मनात डोकावून त्याचा हेतू शुद्ध की अशुद्ध हे ठरवायला बसल्या आहेत. कासवाला त्याच्याशी देणंघेणं नाही. माझं म्हणणं असं की परदेशी स्वयंसेवक हा या कामातला वर्गणीदार आहे. त्याच्या स्वतःच्या हातांनी वाचणारी घरटी थोडी. त्याने भरलेल्या पैशातून ज्या स्थानिक माणसाचा पगार निघतो, त्याने वाचवलेली पुष्कळ. हे उघडपणे सांगणारा प्रकल्प चांगला असू शकतो. हे लपवून, वर्गणीदाराला तारणहार म्हणून मिरवणारा प्रकल्प बहुधा कासवांच्या जिवावर उठतो. कसा, ते कामाच्या तपशिलात शिरल्याशिवाय कळणार नाही.

कोस्टा रिकाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर मार्च ते जुलै लेदरबॅक ही समुद्री कासवांतली सगळ्यात मोठी जात आणि साधारण जुलै ते ऑक्टोबर हिरवी कासवं अंडी घालतात. गस्त दोन पाळ्यांत, साधारण रात्री आठ ते बारा आणि बारा ते चार. पुढे स्थानिक म्होरक्या, मागे तीन-चार स्वयंसेवक, गडद कपडे, पांढऱ्या विजेरीला बंदी, लाल दिवा तोही लागेल तेवढाच. भरतीच्या रेषेलगत मऊ वाळूतून मैलोन्मैल चालायचं आणि समुद्रातून वर गेलेली वाट शोधायची. लेदरबॅकची वाट दीड-दोन मीटर रुंद, हिरव्या कासवाची मीटरभर. मादी वाळू उपसत असताना कोणी जवळ गेलं, उजेड पडला, तर ती अंडी न घालता परत फिरते. अंडी पडायला लागल्यावर मात्र ती सहसा जागची हलत नाही. मोजमाप आणि टॅग, म्हणजे ओळखीच्या क्रमांकाची पट्टी, लावणं एवढ्याच अवधीत उरकायचं. पाठीची लांबी लवचीक टेपने मोजतात. लेदरबॅकला धातूची टॅग मागच्या वल्ह्यासारख्या पायाला आणि सूक्ष्म चिप खांद्याच्या स्नायूत. ज्या घरट्यावर भरतीचं पाणी येणार किंवा जे चोरीला जाणार हे नक्की, त्याचीच अंडी उचलतात: मादीच्या मागे पालथं पडून, हातमोजे घालून, खड्ड्यात पिशवी धरायची आणि ती वाळू लोटायला लागण्याआधी हात बाहेर काढायचा. लेदरबॅकचा खड्डा पाऊण मीटर खोल असतो, म्हणजे खांद्यापर्यंत हात आत.

इथून पुढचं काम नाजूक. अंडं पडल्यावर काही तासांत गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडं हलवलं, उलटं झालं तर गर्भाचा पडदा फाटतो आणि आतला जीव मरतो. म्हणून वेचलेली अंडी दोन-तीन तासांत, उशिरात उशिरा सहा तासांच्या आत नव्या खड्ड्यात गेली पाहिजेत. तो खड्डा मडक्याच्या घाटाचा, वर अरुंद गळा, खाली फुगीर पोट, आणि खोली त्या जातीच्या मादीने खणली असती तेवढीच. ऑलिव्ह रिडले या लहान जातीला जेमतेम दीड फूट, लेदरबॅकला त्याच्या दीडपटीहून जास्त. नवख्या हाताने खणलेला खड्डा बहुतेकदा उथळ आणि सरळसोट होतो. उथळ खड्डा दिवसा तापतो. वाळू 33-34 अंशांवर टिकून राहिली तर अंडी शिजल्यासारखीच होतात. घरटी मीटरभर अंतर न ठेवता दाटीवाटीने घातली तर एकाची उष्णता आणि बुरशी दुसऱ्याला बाधते. त्याच वाळूत वर्षानुवर्षं हॅचरी, म्हणजे वेचलेली अंडी पुरून उबवायची राखीव जागा, ठेवली तर कवचांचे अवशेष कुजून जंतू साठतात, म्हणून जागा बदलावी लागते, नाहीतर वाळू. हातावर डास पळवणारं मलम असेल तर तेही अंड्यावर जातं. यातली एकही गोष्ट अवघड नाही, पण प्रत्येक गोष्ट शिकायला दोन-चार रात्री लागतात, आणि बहुतेक स्वयंसेवक दोन आठवड्यांसाठी येतात. म्हणजे पठ्ठ्या तयार होतो तेव्हा त्याच्या परतीच्या विमानाची वेळ झालेली असते.

मग त्या फोटोचं काय? पिल्लू वाळूतून वर येतं तेव्हा त्याच्या अंगात साधारण दिवसभर पुरेल इतका पोहण्याचा जोर असतो. पोटातल्या बलकावर, अखंड पोहत त्याला किनाऱ्यालगतच्या माशांच्या पट्ट्यातून बाहेर पडायचं असतं. पिल्लाला बादलीत, टाकीत, हातात ठेवलेला प्रत्येक तास त्या शिदोरीतून वजा होतो. श्रीलंकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या पर्यटकी हॅचऱ्यांवर टीका होते ती याचसाठी: पाहुण्यांना दाखवायला पिल्लं दिवसचे दिवस सिमेंटच्या टाक्यांत ठेवायची, तिथे ती एकमेकांना चावायची, आणि उरलीसुरली ताकद संपल्यावर एखाद्या संध्याकाळी तिकीट लावून सोडायची. नीट चालणाऱ्या प्रकल्पात हॅचरीतल्या घरट्यांवर पालथ्या घातलेल्या टोपल्या रात्री दर अर्ध्या तासाने, कधी त्याहून लवकर तपासतात, वर आलेली पिल्लं मोजून लगेच सोडतात, आणि सोडण्याची जागा रोज बदलतात, कारण एकाच ठिकाणी रोज जेवण मिळतं हे माशांना फार लवकर कळतं. म्हणजे चांगल्या प्रकल्पातली पिल्लं बरीचशी अंधारात जातात. तिथे फोटो निघत नाही. ज्या प्रकल्पाच्या जाहिरातीत लख्ख उन्हात तळहातावरची पिल्लं दिसतात, त्याच्याबद्दल मला आणखी काही विचारायची गरज वाटत नाही.

कासवांना हाताळून त्यांचं भलं करायची ओढ काही आजच्या पिढीची नाही. शास्त्रज्ञांनाही ती आवरलेली नाही. 1959 पासून जवळजवळ दशकभर ‘ऑपरेशन ग्रीन टर्टल’ नावाची मोहीम चालली. कोस्टा रिकातल्या तोर्तुगेरोच्या हिरव्या कासवांची अंडी आणि पिल्लं अमेरिकी नौदलाच्या विमानांतून कॅरिबियनभर नेऊन सोडली, की ठिकठिकाणी नव्या वसाहती वसतील. कासवांचे अमेरिकी अभ्यासक आर्ची कार यांच्यासारखा जाणता माणूस या कामामागे होता. एकही वसाहत वसल्याचा पुरावा मिळाला नाही. पुढे केम्प्स रिडले या जातीसाठी 1978 पासून टेक्सासमध्ये पिल्लं टाक्यांत वर्षभराच्या आसपास वाढवून, अंगाने भरल्यावर समुद्रात सोडायचा प्रयोग झाला; तो 1990च्या दशकाच्या सुरुवातीला गुंडाळला गेला. याच सुमारास आणखी एक गोष्ट उजेडात आली. अनेक ठिकाणी सुरक्षित म्हणून अंडी थर्मोकोलच्या पेट्यांत उबवत होते. कासवाचं लिंग उबवणीच्या तापमानावर ठरतं, साधारण 29 अंशांच्या खाली नर, वर मादी. आणि पेट्या वाळूपेक्षा थंड राहत होत्या. म्हणजे वर्षानुवर्षं मोठ्या मायेने नरांच्या फौजा समुद्रात सोडल्या जात होत्या. ही चूक अडाण्यांची नव्हती. मग दोन आठवड्यांच्या पाहुण्याने आपल्या हाताने कासव वाचवल्याच्या समाधानात किती रमावं?

आता विरोधकांचा सगळ्यात जड मुद्दा घेऊ, जो ते स्वतः क्वचितच मांडतात. 1987 मध्ये डेबोरा क्राऊस, लॅरी क्राउडर आणि हॅल कॅसवेल या शास्त्रज्ञांनी अमेरिकेच्या लॉगरहेड जातीच्या कासवांचं गणित मांडलं. निष्कर्ष असा की किनाऱ्यावरचं एकूण एक अंडं वाचवलं तरी घसरण थांबत नाही. मोठी होत आलेली आणि वयात आलेली कासवं जाळ्यांत मरायची थांबली तरच आकडा फिरतो. कारण कळायला सोपं आहे. कासवाला वयात यायला दहा-पंधरापासून तीस वर्षंसुद्धा लागतात, हजार पिल्लांतून एखादंच तिथवर पोचतं. त्या टप्प्यावरची एक मादी कोळंबीच्या ट्रॉलरमध्ये गुदमरली की शेकडो अंड्यांची रखवाली पाण्यात जाते. कोस्टा रिकाच्याच पॅसिफिक बाजूला प्लाया ग्रांदे हे याचं ढळढळीत उदाहरण. तिथे 1988-89च्या हंगामात 1,367 लेदरबॅक माद्या आल्या होत्या. 1998-99 मध्ये 117. मधल्या काळात तो किनारा राष्ट्रीय उद्यान झाला होता, गस्त होती, स्वयंसेवक होते. माद्या दक्षिणेला पेरू-चिलीच्या पाण्यात जाळ्यांत सापडत होत्या. मग किनाऱ्यावर लाल दिवे घेऊन फिरण्यात अर्थ काय उरला?

उरला. प्लाया ग्रांदेची गोष्ट अर्धीच सांगितली जाते. उद्यान होण्याआधी त्या किनाऱ्यावरची जवळजवळ सगळी अंडी वर्षानुवर्षं खणून विकली जात होती. जी पिढी जन्मलीच नाही, ती जाळ्यांत मेलेल्या माद्यांची जागा कशी भरणार? किनाऱ्यावरच्या लुटीचं बिल एका पिढीनंतर येतं, आणि किनाऱ्यावरच्या राखणीचं फळही. उलट बाजूचा दाखला मेक्सिकोतल्या रांचो नुएव्होचा. 1947च्या एका चित्रफितीवरून तिथे एका दिवसात केम्प्स रिडलेच्या 40 हजार माद्या आल्याचा अंदाज बांधला गेला. 1985 मध्ये पुरत्या हंगामात 702 घरटी उरली. मग किनाऱ्यावर मेक्सिको आणि अमेरिका या दोन्ही देशांचा कडक पहारा आणि ट्रॉलरच्या जाळ्यांत टीईडी, म्हणजे जाळ्यात तिरकी बसवलेली गजांची चौकट, जिच्यातून कोळंबी आत जाते आणि कासव वरच्या किंवा खालच्या झडपेतून बाहेर पडतं. गजांतलं अंतर जास्तीत जास्त चार इंच, एवढीशी ती गोष्ट. पहारा आणि चौकट हे दोन्ही मिळून घरटी पुढे वीस हजारांच्या वर गेली. दोघांतलं एक वगळून तो आकडा आला असता असं कोणीच गंभीरपणे म्हणत नाही. तोर्तुगेरोत 1971 ते 2003 या काळात घरट्यांत 417 टक्के वाढ नोंदली गेली, तीही 1960च्या दशकात जवळजवळ प्रत्येक मादी किनाऱ्यावरच उलटी करून सूपासाठी नेली जात असल्याच्या पार्श्वभूमीवर. अलीकडे तिथे पुन्हा उतरण दिसते, आणि तीही कळली ती केवळ दरवर्षी न चुकता वाट मोजणारी माणसं होती म्हणून.

इथे स्वयंसेवकाची खरी किंमत दिसते. गस्तीचा म्होरक्या, हॅचरीचा राखणदार, टॅगची नोंदवही सांभाळणारी जीवशास्त्रज्ञ, होडीचं इंधन, जेवण रांधणारी गावची बाई: या सगळ्याला रोख पैसा लागतो, दर महिन्याला, हंगामभर. सरकार कोस्टा रिकाचंही प्रत्येक पुळणीवर पहारेकरी ठेवू शकत नाही. मोठ्या देणगीदारांना नवा प्रकल्प आवडतो, तिसाव्या वर्षीचा तोच तो पगार आवडत नाही. ही पोकळी स्वयंसेवकांच्या आठवडी शुल्काने भरली. कोस्टा रिकाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरच्या गांडोका गावात स्वयंसेवक गावकऱ्यांच्या घरीच राहत, आणि अंडी चोरून विकून जितकं मिळालं असतं त्याहून कितीतरी जास्त पैसा त्यातून गावात आला. तिथे अंडी चोरणाऱ्याला ‘वेव्हेरो’ म्हणतात. अंडी दारूच्या गुत्त्यांवर मर्दानगी वाढवणारी म्हणून विकली जातात. अशा माणसाला व्याख्यान देऊन उपयोग नाही, रात्रीचं दुसरं काम द्यावं लागतं. ते देणारा पैसा दोन आठवड्यांच्या हौशी पाहुण्याच्या खिशातून आला, तर येऊ दे की.

‘मग नुसते पैसेच पाठवा ना, जाता कशाला?’ हा प्रश्न तर्काला धरून आहे. माणसाच्या स्वभावाला धरून मात्र नाही. न गेलेले लोक पैसे पाठवत नाहीत, आणि गेलेले परत आल्यावरही अनेकदा पाठवत राहतात. शिवाय किनाऱ्यावर रात्री माणसांची वर्दळ हाच एक पहारा असतो. चार अनोळखी माणसं फिरत असलेल्या पट्ट्यात वेव्हेरो सहसा उतरत नाही. पण ‘सहसा’ या शब्दात किती धोका दडलाय, हे मोइनने दाखवलं. 30 मे 2013च्या रात्री लिमोनजवळच्या मोइन किनाऱ्यावर खाइरो मोरा सांदोवाल हा 26 वर्षांचा तरुण चार परदेशी स्वयंसेविकांसह लेदरबॅकच्या गस्तीवर होता. वाटेत टोळीने गाडी अडवली. चौघींना बांधून ठेवलं, त्या सुटल्या. खाइरोचं प्रेत सकाळी किनाऱ्यावर मिळालं. तो गांडोकाचाच, कासवांच्या कामात लहानाचा मोठा झालेला. त्या किनाऱ्यावर अंड्यांच्या धंद्यात अमली पदार्थांची माणसं शिरली होती. 2015च्या खटल्यात आरोपी खुनातून सुटले. फेरखटल्यात 2016 मध्ये चौघांना शिक्षा झाली. स्वयंसेवकाचं धैर्य, त्याग वगैरे शब्द वापरण्याआधी हे आठवावं. जोखीम समान वाटली जात नाही. पाहुणा परत जातो, म्होरक्या त्याच गावात त्याच चोरांच्या शेजारी राहतो. म्हणून तो कोणत्या करारावर काम करतो, त्याचा विमा आहे का, आणि तिथला पहारा पोलिसांना सांगून चालतो का, हे विचारणं भरलेल्या शुल्कापेक्षा महत्त्वाचं आहे.

वसाहतवादाचा आक्षेपही हलक्यात काढण्याजोगा नाही. गोऱ्यांनी येऊन गरिबांना त्यांचंच अन्न खाऊ नका असं शिकवायचं, हा आरोप लॅटिन अमेरिकेत उगाच होत नाही. पण कोस्टा रिकात त्याला उत्तरही तिथल्याच माणसांनी दिलंय. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या ओस्तिओनाल गावात ऑलिव्ह रिडले लाखोंच्या झुंडीने येतात, त्याला ‘आरिबादा’ म्हणतात. 1987 पासून तिथल्या गावसंघटनेला झुंड येते त्या पहिल्या 36 तासांत अंडी काढून विकायला कायद्याने परवानगी आहे, कारण मागून येणाऱ्या माद्या ती घरटी तशीही उकरून टाकतात. बदल्यात गाव किनारा साफ ठेवतं, राखण करतं, पिल्लांना गिधाडांपासून वाचवतं. प्रत्येक अंडं वाचलंच पाहिजे अशा श्रद्धेने आलेल्या स्वयंसेवकाला हे पाहवत नाही. पण तो किनारा ज्या पद्धतीने चालतो ती तिथल्या लोकांनी आणि तिथल्या विद्यापीठाने मिळून बसवलेली आहे. सप्टेंबर 2015 मध्ये ओस्तिओनालचा विचका झाला तो वेगळ्याच कारणाने: पर्यटकांच्या गर्दीने माद्यांची वाट अडली, पोरांना कासवांच्या पाठीवर बसवून फोटो काढले गेले, आणि बऱ्याच माद्या अंडी न घालता परत फिरल्या. अंडी खाणाऱ्यांनी जे केलं नाही ते कासवांवर प्रेम करणाऱ्यांनी केलं.

पाहुण्याच्या हातांपेक्षा त्याचं येणं मोलाचं, याचं आपल्याकडचं जवळचं उदाहरण श्रमदानाचं आहे. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपमध्ये 1 मेच्या महाश्रमदानाला पुण्या-मुंबईहून लोक टिकाव-फावडं घ्यायला जात. त्यांनी दिवसभरात किती घनफूट माती काढली याचा हिशेब मांडला असता तर हसू आलं असतं. जेसीबीने ते तासाभरात केलं असतं. चर खणले गेले ते गावाने 45 दिवस रोज पहाटे उठून. तरी शहरी माणसाचं येणं फुकट गेलं का? गावाला आपल्या कामाकडे कोणीतरी पाहतंय असं वाटलं, आणि आलेल्याला पाणलोटाचं गणित कळलं. पण त्या दिवशी कोणी शहरी माणसाने दुष्काळ हटवला असं म्हटलं असतं तर गावकऱ्यांनी त्याला हातातला टिकाव परत मागितला असता.

आता वेळास. ‘वेळास असताना बाहेर कशाला’ म्हणणाऱ्यांना वेळास बहुधा पुरतं माहीत नसतं. 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने तिथे काम सुरू केलं, 2006 पासून कासव महोत्सव भरू लागला, आणि आता वनविभागाच्या मदतीने कोकणातल्या अनेक पुळणींवर गावचे कासवमित्र पहाटे फेरी मारून घरटी शोधतात. तिथे पाहुण्याला अंड्यांना हात लावू देत नाहीत. तो गावात राहतो, मोदक खातो, पैसे देतो आणि दोरीमागे उभा राहून पाहतो. म्हणजे अर्थकारण तेच, गांडोकाचंच. फक्त पाहुण्याला पाहुणाच म्हणतात. हा मला वेळासचा मोठेपणा वाटतो. पण ज्यांना पैसे भरून जाणाऱ्यांचा राग आहे त्यांनी हे लक्षात घ्यावं की वेळासचं घरही बाहेरून येणाऱ्याच्या खिशावरच चालतं. आणि तिथेही तडजोड आहेच: पिल्लं सोडायची वेळ सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला ठेवलेली, म्हणजे मध्ये वर आलेलं पिल्लू टोपलीखाली थांबतं. पाहुण्यांच्या पैशाची ती किंमत आहे. मला ती चालण्याजोगी वाटते. पण मग कोस्टा रिकाच्या तडजोडींना वेगळी फूटपट्टी लावता येणार नाही.

अवलंबित्वाचा मुद्दा मी थोडक्यात मान्यच करतो. 2020 मध्ये विमानं बंद झाली आणि परदेशी शुल्कावर उभे असलेले किनारे एका हंगामात उघडे पडले. कासवं आली, मोजणारे नव्हते. ज्यांनी चांगल्या वर्षांत थोडी गंगाजळी ठेवली होती, गावचीच माणसं तयार केली होती, ते तगले. तोर्तुगेरोसारख्या ठिकाणी गावचे प्रशिक्षित वाटाडे आहेत, एका वाटाड्यामागे दहाच पाहुणे असा नियम आहे, पर्यटकांच्या शुल्कातून कासव हेरणारे गावकरी पोसले जातात. स्वयंसेवकांच्या शुल्कापलीकडचा असा एखादा झरा प्रत्येक प्रकल्पाला हवा.

एका आक्षेपाला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. मुंबई ते कोस्टा रिकाची राजधानी सान होसे सरळ रेषेत जवळपास 16 हजार किलोमीटर. जाऊन-येऊन एका माणसामागे जो कार्बन हवेत जातो तो सरासरी भारतीय माणसाच्या वर्षभराच्या वाट्यापेक्षा जास्त. आणि तापलेली वाळू कासवांचं काय करते ते ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागात दिसलंय: 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथल्या तरुण हिरव्या कासवांपैकी 99 टक्के माद्या निघाल्या. दोन आठवडे हॅचरीवर सावलीची जाळी बांधायला जाणारा माणूस तीच वाळू तापवत जातो. म्हणून पुण्याहून पंधरा दिवसांसाठी जाण्याच्या मी सरळ विरोधात आहे. तीन महिने राहणार असाल, स्पॅनिश शिकणार असाल, नोंदवही एकट्याने भरू शकाल इतके तयार होणार असाल, तर गोष्ट वेगळी. ह्यूस्टन किंवा मायामीत शिकणाऱ्या मराठी मुलांचं गणितही वेगळं आहे. त्यांना सान होसे तीन-चार तासांवर आहे, आणि इथल्या वादात त्यांनाच सगळ्यात जास्त बोलणी बसतात.

जाणाऱ्याने शुल्क भरण्याआधी काय विचारावं? प्रकल्पाकडे त्या हंगामाचा सरकारी परवाना आहे का. टाक्या आहेत का. असतील तर तिथेच थांबावं. गस्तीचे म्होरके कुठल्या गावचे आणि कितव्या वर्षी तेच काम करताहेत. उबवणीचे आकडे नैसर्गिक घरट्यांशी ताडून पाहतात का, की नुसतं ‘इतकी पिल्लं सोडली’ एवढंच सांगतात. पिल्लं निघून गेल्यावर दोन-तीन दिवसांनी घरटं उकरून रिकामी कवचं, न फुटलेली अंडी, अर्धवट फुटलेली अंडी वेगवेगळी मोजायची असतात. घाण वासाचं, कंटाळवाणं काम. या कामाला स्वयंसेवक लावतात का, हा प्रश्न प्रकल्पाची नियत उघड करतो. टॅगच्या नोंदी कुठे जातात हेही विचारावं. ओडिशाच्या किनाऱ्यावर 2021 मध्ये साधी टॅग लावलेली एक ऑलिव्ह रिडले 2025च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आली, आणि पूर्व-पश्चिम किनाऱ्यांची कासवं वेगळी ही समजूत डळमळली. तो अंक गुहागरच्या पुळणीवर नीट वाचला गेला आणि ओडिशातल्या नोंदीशी जुळला म्हणून हे कळलं. एक आकडा चुकीचा उतरवला असता तर ती कासवी पुन्हा निनावी झाली असती.

किनाऱ्यालगत कोळंबीच्या ट्रॉलिंगचं काय चाललंय हाही प्रश्न विचारण्याजोगा आहे, आणि तो बहुतेक प्रकल्पांत कोणी काढत नाही. कोस्टा रिकाच्या घटनापीठाने 2013 मध्ये कोळंबीच्या तळ-ट्रॉलिंगचे परवाने बंद केले. 2020 मध्ये संसदेने ते पुन्हा सुरू करायचा कायदा केला आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष कार्लोस अल्व्हारादो यांनी तो नाकारला. त्या एका नाकारण्याने किती माद्या वाचल्या असतील, याच्या तुलनेत हॅचरीची पाळी क्षुल्लक आहे. आपली गतही फार निराळी नाही. टीईडी न लावल्याच्या कारणावरून भारताच्या समुद्रातल्या कोळंबीला अमेरिकेने 2019 पासून दार बंद केलंय, आणि कोचीच्या मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आपल्या जाळ्यांसाठी बेतलेली चौकट तर आधीपासून तयार आहे.

आणि शेवटी वेळापत्रक. जून ते ऑगस्ट अमेरिकी-युरोपी विद्यापीठांना सुट्टी असते, तेव्हा कॅरिबियन किनाऱ्यावर स्वयंसेवकांची रीघ लागते आणि कधीकधी एका मादीमागे सहा-सहा जण ताटकळतात. कॉलेजं उघडली की खाटा रिकाम्या होतात. तोर्तुगेरोत हिरव्या कासवांचा भर मात्र ऑगस्ट-सप्टेंबरात असतो, पिल्लं नोव्हेंबरपर्यंत निघत राहतात; आणि पॅसिफिक बाजूला ऐन पावसात, सप्टेंबर-ऑक्टोबरात, ओस्तिओनालच्या मोठ्या झुंडी येतात. त्या दिवसांत रस्ते खचलेले असतात, नद्या पुलांवरून वाहतात, कपडे आठवडाभर वाळत नाहीत आणि हॅचरीच्या पाळीला माणूस मिळत नाही. ज्याला खरोखर उपयोगी पडायचं आहे त्याने अर्ज तेव्हाचा करावा.